कॉन्फरन्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) काढताय? आधी हे वाचा
पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्याचा मेल आला की त्याच दिवशी ऑर्गनायझरकडे इन्व्हिटेशन लेटर मागा, गाडी तिथेच अडते. लेटरवर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नावही असतं आणि पेपरवर आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो, माझ्या लेटरवर तेच झालं, मधलं नाव गायब, दुसरं येईपर्यंत आठ दिवस गेले. पेपरचं शीर्षक, तारखा, खर्च कोण करतंय हेही त्यात लिहून घ्या.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. नियमाने १५ दिवस आधीपर्यंत चालतो, पण एवढं थांबू नका हो, निर्णयालाच साधारण १५ दिवस लागतात, कधीकधी ४५ सुद्धा, आणि त्याआधी अर्ज द्यायची अपॉइंटमेंट मिळायला हवी ती वेगळीच. चार दिवस पॅरिसला कॉन्फरन्स आणि मग दोन दिवस रोम फिरायचं असेल तर अर्ज फ्रान्सकडे, जिथे मुक्काम जास्त तिथे. फी ९० युरो, प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

बँक स्टेटमेंटसाठी ऐनवेळी कुणाकडून लाखभर रुपये आणून खात्यात टाकू नका, ते लगेच दिसतं. त्यापेक्षा कॉलेज खर्च देणार असेल तर तसं पत्र आणि रजेसकट एनओसी (ना-हरकत पत्र) घ्या, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. प्राचार्य गावाला गेले तर सही राहते, म्हणून हे काम सगळ्यात आधी उरका.