या चुका टाळा: कॉकटेलच्या पिल्लाचं आजारपण वेळेत ओळखा

टिकली म्हणजे आमचं कॉकटेल (cockatiel), डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. घरी आली तेव्हा ती सात आठवड्यांची होती. गालावरच्या केशरी ठिपक्यामुळे हे नाव पडलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "आता स्वतःचं स्वतः खाते, काळजी नको." चार दिवस वाडगी भरलेलीच दिसत होती, म्हणून आम्ही नवे दाणे घातले नाहीत. चौथ्या दिवशी संध्याकाळी आईने सहज वाडगीवर फुंकर मारली. वरची फोलपटं भुर्रकन उडाली आणि तळाशी राळ्याचे मोजून दहाबारा दाणे राहिले. पिल्लू फोलपटांच्या वाडगीपुढे उपाशी बसलेलं होतं. डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं तेव्हा वजन भरलं ६६ ग्रॅम. त्यांनी माझं बोट टिकलीच्या छातीवरून फिरवलं. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं.

सुदैवाने ती सावरली. पण चार दिवस आम्ही तिच्याकडे बघतच होतो, आणि तरी काही कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पोपटवर्गातले पक्षी दुखणं लपवतात. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात त्राण आहे तोवर ते धडधाकट असल्यासारखे वागतात. पक्षी फुगून, डोळे मिटून दिवसा पेंगतोय किंवा दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, असं दिसतं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. त्या टप्प्यावर "उद्या सकाळपर्यंत बघू" म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एवढ्या लहान जीवाकडे राखीव ताकद फार थोडी असते.

म्हणून चेहऱ्यावर विसंबू नका, काट्यावर विसंबा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि खाण्याआधी, वजन करून वहीत लिहा. मोठ्या कॉकटेलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतं, पण खरं महत्त्व तुमच्या पक्ष्याच्या नेहमीच्या आकड्याला आहे. हातावर भरवणं सुटतं त्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, ते रीतीला धरून आहे. मात्र ते सलग उतरत राहिलं, किंवा दहा टक्क्यांनी घटलं, तर वाट बघू नका. ९० ग्रॅमच्या पक्ष्यासाठी हे दहा टक्के म्हणजे फक्त नऊ ग्रॅम. पिसांच्या आड ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पिल्लू अजून भरवण्यावर असेल तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीकडे लक्ष द्या. रात्री भरवल्यानंतर सकाळपर्यंत ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही फुगलेली, पिठाच्या गोळ्यासारखी लागली किंवा चोचीला आंबूस वास आला, तर आत अन्न साचून आंबतंय. त्यावर आणखी भरवू नका, डॉक्टरांना फोन करा. बरेचदा कारण साधं असतं: फॉर्म्युला, म्हणजे पिल्लाला भरवायची पातळ पेज, थंड होता. तो ४० ते ४१ अंश सेल्सिअस असावा आणि ते थर्मामीटरनेच बघावं. बोट बुडवून अंदाज बांधणं धोक्याचं आहे. मायक्रोवेव्हमध्ये तो मध्येच कढत राहतो आणि पिशवी आतून भाजते.

शी बघायची सवय लावून घ्या. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घाला, लाकडाचा भुसा नको, कारण त्यात काहीच दिसत नाही. निरोगी शीमध्ये तीन गोष्टी असतात: हिरवट किंवा तपकिरी विष्ठा, तिच्यासोबत पांढरा खडूसारखा भाग आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. काकडी किंवा पालेभाजी खाल्ल्यावर पाणी वाढतं. त्याला जुलाब समजून लोक उगाच औषध पाजतात. विष्ठेचा आकारच मोडला असेल तर तो जुलाब. काळी डांबरासारखी शी म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. आख्खे दाणे पडत असतील तर पचन बिघडलंय.

पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताचा त्रास संभवतो, आणि त्यामागे सिटॅकोसिसही असू शकतो. हा आजार पक्ष्याकडून माणसाला होतो. त्याच सुमारास घरात कुणाला ताप, कोरडा खोकला आला तर घरी पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडतायत. त्याच दिवशी दाखवा. नाकपुड्यांवरची पिसं ओली किंवा चिकट दिसणं, आवाज बसणं, हेही त्याच रांगेतलं. आणि खोलीत नेमकं काय जळतंय ते बघा. मच्छर कॉइल, उदबत्ती, धूप, फोडणीचा ठसका, सगळं या इवल्या फुप्फुसांना जाचतं. सगळ्यात वाईट म्हणजे रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा. त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो, तोही माणसाला वास न येता. पिंजरा स्वयंपाकघराजवळ मुळीच ठेवू नका.

आता घरगुती उपाय. प्रेमापोटी केले जातात, तरी सांगतेच. अंगाला हळद-तेल चोळू नका. पिसं तेलकट झाली की त्यांच्यात ऊब धरत नाही आणि आजारी पक्षी गारठतो. मान धरून ड्रॉपरने पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. ब्रँडीचा थेंब नको. दुकानातली प्रतिजैविकाची पूड "सर्दीवर चालते" म्हणून पाण्यात मिसळणं तर दुहेरी नुकसान करतं: आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्यामुळे मात्रा पोचत नाही, आणि नंतर डॉक्टरांच्या तपासणीत खरं कारणही झाकलं जातं.

करण्यासारखं एकच आहे, ऊब. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर कापड घाला आणि त्याच बाजूला, कापडाला चिकटणार नाही असा, बाहेरून जुन्या पद्धतीचा, तापणारा पिवळा ४० वॅटचा बल्ब (एलईडी नव्हे) लावा. आत ३० अंशांच्या आसपास राहू दे. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे पक्ष्याला सरकता येईल. चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरले तर ऊब जास्त झाली आहे.

आहारातली चूक हळूहळू नडते. फक्त राळे आणि सूर्यफूल म्हणजे अ जीवनसत्त्वाची उणीव. किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर रोज थोडं द्या, आणि चोच घासायला समुद्रफेस टांगा. अव्होकाडो, चॉकलेट, खारे शेंगदाणे नकोत.

हे सगळं बजरीगारलाही लागू आहे, ज्यांना आपल्याकडे बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणतात. झाडावरून पडलेलं आपल्या रानातल्या राघूचं पिल्लू सापडलं तर मात्र पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत, म्हणून डॉक्टर पिल्लू धडधाकट असतानाच शोधून ठेवा. नेताना पिंजरा धुऊन पुसून चकाचक करू नका. आदल्या दिवसाचा शीचा कागद, वजनाची वही आणि काय खाल्लं त्याची नोंद सोबत घ्या. दांडी खाली, तळाजवळ बांधा, वरून टॉवेल टाका आणि रिक्षात पिंजरा मांडीवरच धरा.