चांदोदला निघायच्या आधी सरदार सरोवरची पातळी कशी बघायची

बडोद्याहून श्राद्धाला चांदोदला जाणारे आपले लोक खूप, आणि चांदोद नर्मदेवर, सरदार सरोवर धरणाच्या खालच्या बाजूला, तर पावसाळ्यात आधी धरणाची पातळी बघाच. पूर्ण पातळी 138.68 मीटर, आजचा आकडा त्याच्या किती खाली आहे बघा, पण नुसत्या त्यावर जाऊ नका, आवक-जावक जास्त महत्त्वाची, धरण भरत आलंय आणि आवक वाढतेय म्हणजे दरवाजे कधीही उघडू शकतात. वरच्या ओंकारेश्वर धरणातून किती सोडलंय तेही बघा, ते पाणी इकडेच येतं. हे आकडे क्युसेकमध्ये असतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर.

आणि हो, दरवाजे बंद असले तरी नदीकाठच्या वीजघराचे टर्बाइन चालू झाले की खाली पाणी चढतंच. घाटावर मोजपट्टी असेल तर लाट वर असताना किती, खाली असताना किती, मधला आकडा धरा, थोड्या वेळाने परत बघा, चढत असेल तर पोरांना लगेच पायऱ्यांवरून वर घ्या.