मित्रांसोबत महागड्या रेस्टॉरंटमध्ये जाताना

ऑर्डर देण्याआधीच वेटरला सांगा, ‘ड्रिंक्सचं बिल वेगळं करा.’ न पिणाऱ्या मित्राने दुसऱ्यांच्या दारूचे पैसे भरायचे आणि संकोचापोटी गप्प बसायचं, हे मला फार खटकतं. कुणाचा हात तंग असेल तर तो स्वतःहून बोलणार नाही, म्हणून मेनू आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका. पाणी साधं हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर बाटल्या उघडल्या जातात.

मेनूवरचे दर बहुधा कराशिवायचे असतात. जेवणावर जीएसटी ५ टक्के. पण खोलीभाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट लागतो.

बिल आलं की सर्व्हिस चार्जची ओळ शोधा. तो सरकारी कर नव्हे. बिलात तो आपोआप लावता येत नाही, असे निर्देश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. शांतपणे काढायला सांगा, आणि सेवा आवडली असेल तर टीप थेट वेटरच्या हातात द्या. ऐकलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.