थंडीचे मोजे आणि बूट: घेण्याआधीची तयारी

आधी मोजे घ्या, मग बूट. बहुतेक जण नेमकं उलट करतात. पातळ मोजे घालून बुटाचं माप बघतात आणि नंतर त्याच बुटात जाड लोकरी मोजे कोंबतात. ऊब असते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत. मोजा दाबला गेला की हवा गेली, वर बोटांकडे जाणारं रक्तही अडतं. पाय गारठतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे नाहीतर आवळल्यामुळे, मोजा पातळ असल्याचं निमित्त त्यामानाने क्वचित.

सुती मोजे या खेपेला बाजूलाच ठेवा. सूत घाम शोषतं आणि धरून बसतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने पायातली उष्णता ओढून घेतं. मेरिनो लोकर (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर) स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओल पोटात घेते तरी हाताला ओलसर लागत नाही, आणि भिजली तरी थोडीफार ऊब राखते. लेबल मात्र नीट वाचा. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘लोकर’ आणि मागे बारीक अक्षरांत बहुतांश अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, असा प्रकार असतो. शंभर टक्के लोकरीचा हट्टही नको, कारण थोडं नायलॉन नसेल तर टाच लवकर विरते. मोजा उलटा करा, आत टॉवेलसारखी फासांची वीण असेल तर उत्तम. मग बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. तिथे गाठ लागली तर ती जोडी परत ठेवा, तासाभराच्या चालण्यात त्याच जागी फोड येतो.

आत पातळ मोजा आणि वर जाड ही जोडी चांगली चालते, पण बूट त्याच मापाने घेतला असेल तरच. दोन जाड मोजे एकावर एक कधीच नकोत.

बुटांसाठी संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ठरवलेले मोजे सोबत न्या. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. नाडी बांधल्यावर बोटं आत मोकळी हलली पाहिजेत आणि चालताना टाच उचलली जाता कामा नये.

अस्तराच्या उबेचे आकडे ग्रॅममध्ये लिहिलेले असतात: 200, 400, 800. हे बुटाचं वजन नव्हे. एक चौरस मीटर अस्तर किती वजनाचं आहे, ते हा आकडा सांगतो. मोठा आकडा म्हणजे चांगला बूट, असं समजू नका. भरभर चालणाऱ्याला 800 मध्ये घामच फुटेल आणि थांबल्यावर तोच घाम गार पडेल. मोठे आकडे तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्यांसाठी. वितळत्या बर्फात फिरायचं असेल तर वॉटरप्रूफ हवाच. कोरड्या कडाक्यात त्याहून महत्त्वाचा जाड तळ, कारण गारठा जमिनीतून वर चढतो. आत नमद्याचा (दाबून बनवलेल्या लोकरी कापडाचा) इनसोल, म्हणजे पायाखालची काढता-घालता येणारी गादी, घालायचा असेल तर तोही माप बघतानाच घाला. गुळगुळीत बर्फावर मात्र कुठल्याच तळाचा भरवसा धरू नका, वरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे वेगळे मिळतात.

नवे बूट आधी काही दिवस घरात वापरा. पिशवीत सुक्या मोज्यांची एक जोडी असू द्या आणि दुपारी बदला. रात्री इनसोल बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा. हीटरला टेकवून वाळवले तर कातडं तडकतं, तळाचा गोंद सुटतो.

मधुमेह असलेल्यांनी पायाला काय जाणवतं यावर विसंबू नये, मधूनमधून मोजा काढून पाय डोळ्यांनी बघावा. बोटं पांढरी पडून सुन्न झाली तर कुणीही असो, लगेच आडोशाला जावं आणि ओले मोजे काढावेत. बोटं चोळू नयेत, शेकोटीजवळही धरू नयेत. ऊब दिल्यावरही संवेदना परतली नाही तर डॉक्टर गाठावा.