पहिलाच लांबचा ट्रेक, तोही एकट्याने? वाट निवडताना या चुका टाळा

चार-पाच किल्ले ग्रुपबरोबर झाले की एकट्याने दोन दिवस चालावंसं वाटतं. जरूर जा. पण फसगत होते ती बहुतेकदा घरी बसून वाट ठरवतानाच.

नुसते किलोमीटर मोजणे

राजगड ते तोरणा म्हटलं तर १२–१५ किलोमीटर. वाचायला सोपं वाटतं. स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा हिशेब मी अजून वापरतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार तास झाले. हा हिशेब सरावलेल्या पायांचा आणि न थांबता चालण्याचा आहे. तुमच्या पाठीवर सॅक असणार, वाटही शोधायची असणार, म्हणून पहिल्या खेपेला सरळ दुप्पट धरा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, हेही विसरू नका.

मधूनच उतरायची सोय न बघणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नकाशा उघडला की मी आधी एवढंच बघतो: पाय मुरगळला, तर दोन तासांत वस्ती किंवा डांबरी रस्ता गाठता येईल का?

राजगड-तोरण्याच्या डोंगरधारेवर मध्ये एकच डांबरी रस्ता आडवा येतो. उन्हाळ्यात धारेवर पाण्याचा भरवसा नाही. मी मार्चमध्ये एकटाच, दोन लिटर पाण्यावर निघालो होतो. राजगडाची संजीवनी माची उतरून त्या रस्त्यावर पोचेपर्यंत बाटलीत दोन घोट उरले. समोर तोरण्याचा चढ दिसत होता. तो सोडला आणि रस्त्याने खाली गेलो. रस्ता होता म्हणून ते जमलं.

म्हणूनच पहिल्या एकट्या ट्रेकसाठी मी पन्हाळा–पावनखिंड सुचवतो. अंतर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे राजगड-तोरण्याच्या तिपटीहून जास्त, पण वाटेत वाड्या लागत राहतात. करपेवाडी, आंबेवाडी अशा ठिकाणी विचारलं तर पाणी मिळतं, मुक्कामाचंही बघता येतं. थकलात तर तिथेच थांबा. दोनऐवजी तीन दिवस लागले तर काही बिघडत नाही.

चुकीची तारीख निवडणे

१६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच वाटेने विशाळगडाकडे निघाले. त्यामुळे मोहिमाही जुलैतच निघतात. त्या गर्दीबरोबर अवश्य चाला. एकट्याने मात्र त्या दिवसांत नको. या वाटेवरचं मसाई पठार लांबच लांब सपाट आहे. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि खूण म्हणून धरायला झाडही सापडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात तेच पठार एका नजरेत कळतं.

मळलेली दिसली की तीच वाट समजणे

सह्याद्रीत ढोरवाटा माणसाला चकवतात. पायाशी वाट अगदी स्वच्छ असते, पण छातीच्या उंचीला कारवीच्या फांद्या आडव्या येत राहतात, कारण गुरं त्यांच्याखालून जातात. माणसांच्या वाटेवर त्या फांद्या मोडलेल्या, बाजूला सारलेल्या असतात. शिवाय ढोरवाट थोड्या अंतरावर फुटते, मग आणखी फुटते आणि गवतात विरते. दुसऱ्यांदा फाटा फुटला की पुढे जाऊ नका, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. मोबाइलमध्ये ट्रॅक ठेवा, पण बॅटरी संपली तर काय, याचा विचार आधीच झालेला हवा.

‘रविवारी येतो’ एवढंच सांगून निघणे

घरच्यांना वाट, मुक्कामाचं गाव आणि एक ठरावीक वेळ लिहून द्या: रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर ११२ ला कळवायचं. पायथ्याच्या ज्या घरी चहा घ्याल तिथेही सांगून जा, ‘मामा, एकटाच आहे, या वाटेनं वर चाललोय.’ बऱ्याचदा तिथेच कळतं की पुढचं टाकं आटलंय.