शिडाच्या होडीवर इपॉक्सीचा थर देताना

शर्यतीची छोटी प्लायवूडची होडी घरी दुरुस्त करताना इपॉक्सीचा (राळ आणि ती कडक करणारे द्रव्य मिसळून केलेल्या लेपाचा) थर दुपार उतरल्यावर, तापमान खाली येऊ लागल्यावरच द्यावा. कारण सकाळी थर दिल्यास ऊन चढेल तशी लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे उठतात. सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेच्या कापलेल्या कडा राळ अधाशासारखी शोषतात, म्हणून तिथे हात आखडता घेऊ नये. इतरत्र मात्र थर पातळच हवा, कारण शर्यतीच्या होडीला वाढलेले वजन खरोखर महागात पडते. पहिला थर हातमोज्याला चिकट लागतो पण मोज्यावर उतरत नाही, अशा अवस्थेत दुसरा दिल्यास मधे घासावे लागत नाही. थर रात्रभर वाळू दिला असेल, तर पृष्ठभागावर बहुधा मेणासारखा तुळतुळीत पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे स्वच्छ पाण्याने आणि खरखरीत घासणीने आधी धुवून काढावा, पृष्ठभाग कोरडा पुसावा आणि मगच ८० नंबरचा पॉलिश पेपर मारावा. धुण्याआधी घासल्यास पेपर लगेच भरतो, तो पापुद्रा ओरखड्यांत रगडला जातो आणि त्यावरचा रंग पुढे सुटू लागतो.