वर्गात छोटा प्रोजेक्टर नीट कसा लावायचा

दीड किलोच्या आतला, पिशवीत मावणारा प्रोजेक्टर घेताना खोक्यावर ठळक छापलेला '9000 ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) हा आकडा वाचूच नका. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत 'ॲन्सी ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' लिहिलेलं असतं, ते शोधा. खरा उजेड तोच. तो आकडा कुठेच दिला नसेल, तर तो लपवण्यासारखा आहे असं समजून पुढच्या दुकानात जा. रिझोल्यूशनचंही तसंच. '1080पी सपोर्ट' म्हणजे प्रोजेक्टर तसा व्हिडिओ स्वीकारतो इतकंच. भिंतीवर पडणारं चित्र 'नेटिव्ह' रिझोल्यूशनचं, म्हणजे आतल्या पॅनेलच्या स्वतःच्या पिक्सेलांचं असतं. शिकवण्यासाठी ते किमान 1280 x 720 हवं. 854 x 480 वर बाराखडी ठीक दिसते, पण तक्ते आणि नकाशातली नावं वाचता येत नाहीत.

किती ल्युमेन लागतील, याचा हिशेब कागदावर करता येतो. 60 इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलेलं) चित्र 133 सेंटीमीटर रुंद आणि 75 सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक चौरस मीटर. 500 ॲन्सी ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर साधारण 500 लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) उजेड पाडेल. तेच चित्र 100 इंची केलं की क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या वर जातं आणि उजेड 180 लक्सवर येतो. आता दिवसा, खिडक्या उघड्या असताना भिंतीवर आधीच 200-300 लक्स उजेड असेल, तर काय होईल? प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे भिंत आहे तशी. म्हणून उजळ वर्गात सगळं चित्र राखाडी, धुतल्यासारखं दिसतं आणि दोष मात्र प्रोजेक्टरला दिला जातो. चित्र मोठं करण्याचा मोह आवरा. 30-35 मुलांच्या नेहमीच्या खोलीत 500 ल्युमेनवर 60 ते 70 इंच पुरे.

भिंत निवडताना खिडकीच्या बरोबर समोरची टाळा, तिथे सगळ्यात जास्त उजेड पडतो. खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेल्या भिंतीचं, खिडकीपासून लांबचं टोक बरं. फळ्याजवळची ट्यूबलाइट बंद करा, मागची चालू राहू द्या. पूर्ण अंधारात मुलं वहीत लिहिणार कशी? पांढरा डिस्टेंपर मारलेली साधी भिंत उत्तम पडदा आहे. व्हाइटबोर्ड आणि ऑइलपेंट चकाकतात, मधोमध प्रखर डाग दिसतो आणि कडेच्या बाकांवरून काहीच वाचता येत नाही. चादर लावायची तर दुपदरी लावा, एका पदरातून बराच उजेड आरपार जातो. खालच्या काठात काठी ओवा, नाहीतर पंखा सुरू झाला की भारताचा नकाशा डुलायला लागतो.

आता अंतर. पुस्तिकेत 'थ्रो रेशो' दिलेला असतो. तो 1.2 असेल तर चित्राच्या रुंदीच्या 1.2 पट अंतर, म्हणजे 133 सेंटीमीटरसाठी सुमारे 1.6 मीटर. पहिल्या बाकाच्या पुढे एक टेबल लागलं की काम होतं. प्रोजेक्टर भिंतीशी काटकोनात ठेवा, लेन्स चित्राच्या आडव्या मध्यावर आणा. उंची कमी पडली तर खाली पुस्तकं ठेवा किंवा ट्रायपॉडवर चढवा. बहुतेकांच्या तळाला कॅमेऱ्यासारखंच पाव इंची स्क्रूचं भोक असतं.

इथे एक चूक फार होते. प्रोजेक्टर कोपऱ्यात तिरका ठेवायचा आणि 'कीस्टोन' (वाकडं पडलेलं चित्र सरळ करणारी सेटिंग) वापरून चित्र चौकोनी करून घ्यायचं. कीस्टोन चित्राच्या कडांचे पिक्सेल विझवतो आणि उरलेल्यात सगळं दाबून बसवतो. उजेड जातो तो जातोच, शिवाय अक्षरांच्या कडा फाटतात. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि पायमोडकी अक्षरं सगळ्यात आधी गिचमिड होतात. आधी हाताने सरळ करा, कीस्टोन शेवटी आणि चिमूटभर. ऑटो-कीस्टोन असेल तर एकदा लावून झाल्यावर बंद करा, नाहीतर टेबलाला धक्का लागला की ऐन तासात चित्र नाचतं. फोकसही सुरुवातीला जुळवून सोडू नका. दहा मिनिटांत आतले भाग तापतात आणि तो किंचित सरकतो. तेव्हा पुन्हा जुळवा.

जोडणीला एचडीएमआय केबलच धरा, तीन मीटरची. लॅपटॉपवर विंडोज आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा. मोबाइलची सी-टाइप वायर लावून चित्र येत नसेल, तर वायर बदलत बसू नका; बऱ्याच फोनच्या त्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडतच नाही. वायरलेस जोडणीत आवाज आणि ओठ मागेपुढे होतात. आणि ओटीटीवरचा माहितीपट लावल्यावर आवाज येतो पण पडदा काळा राहतो, तो बिघाड नाही, कॉपी-संरक्षण आहे.

पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावणार असाल तर पीपीटी देऊ नका. आतल्या व्ह्यूअरमध्ये मराठी फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, 'विद्यार्थी'चा 'विद् यार् थी' होतो. पीडीएफ करा किंवा स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करा. पेन ड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा. त्यात 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, पण तो जवळपास प्रत्येक यंत्र वाचतं. स्लाइडवर 32 पॉइंटच्या खाली जाऊ नका, एका स्लाइडवर सहा ओळी. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ लावताना पूर्ण पान दाखवू नका: उभं पान आडव्या चित्रात बसवलं की बाजूच्या दोन पट्ट्या रिकाम्या जातात आणि मजकूर मुंगीएवढा होतो. 'फिट विड्थ' करून सरकवत न्या. मुलं यायच्या आधी शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून बघा.

वीज जाते तिथे पॉवर बँक चालते, पण प्रोजेक्टर सी-टाइपवर चालणारा हवा आणि बँकेची पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे सी-टाइपमधून जास्त वीज देण्याची) क्षमता त्याच्या चार्जरएवढी, बहुधा 65 वॅट. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॅट-तास. घट धरून 40 वॅटचा प्रोजेक्टर सव्वा ते दीड तास चालेल. आत बॅटरी असलेले काही प्रोजेक्टर बॅटरीवर उजेड आपोआप कमी करतात, तेव्हा चित्र फिकट वाटलं तर आधी चार्जर लावून बघा.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तर बहुतेक वेळा कारण उष्णता असते. जाळीभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, खाली टॉवेल किंवा फोम नको. बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, गरम असताना पिशवीतही भरू नका. खडूची धूळ हा कायमचा त्रास. चित्रात धूसर ठिपका दिसला तर लेन्स हळूच फिरवून फोकस बिघडवा: ठिपक्याची धार बदलली तर धूळ आतल्या पॅनेलवर बसली आहे, ते काम दुरुस्तीवाल्याचं. बाहेरच्या लेन्सवरची धूळ सहसा ठिपका दाखवतच नाही, फक्त चित्र मंद करते. ती रबरी ब्लोअरने उडवा, मग चष्म्याच्या कापडाने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात.